हिरडा कुठल्या रकान्यात बसतो?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. कोकणात आडव्या झालेल्या नारळी-पोफळींचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. पण तेच वादळ श्रीवर्धनकडून वर चढून, घाट ओलांडून, आमच्या आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातही शिरलं होतं, हे घाटाखालच्या आणि पुण्यातल्या बऱ्याच मित्रांना अजून माहीत नाही. त्या एका दुपारी माझ्या मामाची हिरड्याची चार झाडं गेली. तीन फांद्या मोडून अर्धी झाली. चौथं, बांधावरचं सगळ्यात मोठं, मामाच्या आजाच्या वेळचं, मुळासकट उपटून पडलं.

काही दिवसांनी पंचनामा करायला माणूस आला. चांगला होता बिचारा, चिखल तुडवत आला होता. कागद काढला आणि विचारलं, "पीक कोणतं?"

"पीक नाही, हिरडा."

"मग फळबाग का?"

"लावलेली बाग नाही. पूर्वीपासूनची झाडं आहेत. पण जमीन आमची आहे, सातबारा आहे."

"अहो, मग कुठल्या रकान्यात लिहू?"

मामा म्हणाला, "हिरड्याच्या रकान्यात लिवा की."

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. नंतर मात्र हसू आलं नाही. कारण आमच्या पट्ट्यातल्या लोकांना हिरड्याच्या भरपाईसाठी पुढची काही वर्षं मोर्चे काढावे लागले, उपोषणाला बसावं लागलं. आणि अडचण तीच होती. भात कुठे बसतो हे ठरलेलं आहे, आंबा-डाळिंब कुठे बसतं तेही ठरलेलं आहे, हिरड्याचं ठरलेलं नाही.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. इतिहासाचा माणूस नाही. पण मामाचा तो रकाना डोक्यातून जाईना. म्हणून गेली काही वर्षं जमेल तसं वाचत गेलो, जुने कायदे चाळले, म्हाताऱ्या माणसांशी बोललो. त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहितोय. पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर दोन हप्त्यांत वाचा.

एका झाडाची तीन नावं

ज्यांनी हिरडा फक्त त्रिफळा चूर्णाच्या डबीवर वाचलाय त्यांच्यासाठी आधी थोडं. हिरडा हे ऐन, अर्जुन, बेहडा यांच्या घराण्यातलं मोठं झाड. भीमाशंकरच्या आसपास, जंगलात आणि लोकांच्या मालकीच्या रानात, बांधावर, वरकस जमिनीत ते सगळीकडे आहे. चैत्र-वैशाखात आमच्याकडे शाळेला सुट्टी लागते आणि हिरडा सुरू होतो. कोवळी फळं झाडावर चढून काढायची, नाहीतर काठीने झोडायची. खाली बायका-पोरं वेचतात. मग अंगणात, खडकावर, पत्र्यावर वाळत घालायची. हिरवं फळ आठ-दहा दिवसांत काळं, सुरकुतलेलं, दगडासारखं टणक होतं. मध्येच वळीव आला तर बुरशी धरते आणि भाव निम्म्यावर येतो. आमच्या वह्या, दप्तरं, पावसाळ्याचं मीठ-मिरची, बेण्याचं भात, सगळं याच पैशातून यायचं. झाडावरून पडून कंबर मोडलेली, हात अधू झालेली माणसं आमच्या प्रत्येक वाडीत सापडतील.

मराठीत या एकाच फळाला त्याच्या वयाप्रमाणे वेगवेगळी नावं आहेत. अगदी कोवळा, आत आठळी धरण्याआधी काढलेला, तो बाळहिरडा. त्यापेक्षा मोठा पण पुरता न पिकलेला, तो रंगारी किंवा चांभारी हिरडा. आणि पूर्ण भरलेला, जाड गराचा, तो सुरवारी हिरडा. बाळहिरडा आणि सुरवारी वैद्याकडे जायचे, मधला रंगाऱ्याकडे आणि कातडं कमावणाऱ्याकडे. एका फळावर इतके धंदे उभे होते, आणि त्यांचा हिशेब भाषेने नावांतच लिहून ठेवलाय.

हे सगळं कशामुळे? तर तुरटपणामुळे

लहानपणी एक गंमत करायचो. कच्चा हिरडा लोखंडी विळ्याने कापायचा. विळा काळा पडायचा, बोटं काळी व्हायची आणि दोन-तीन दिवस धुऊन जायची नाहीत. आजी म्हणायची, "हिरड्याची शाई हाय ती." आजी शाळेत गेली नव्हती, पण तिचं रसायनशास्त्र अगदी बरोबर होतं. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा-निळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करत ती याच नियमाने. आंध्रातले कलमकारी करणारे कारागीर आजही कापड आधी हिरडा आणि दुधात भिजवतात, मग त्यावर लोखंडाच्या पाण्याने रेघ ओढतात. पाण्याची रेघ बघता बघता काळी होते.

टॅनिन म्हणजे काय? मधोमध ग्लुकोजचा, म्हणजे साध्या साखरेचा एक रेणू. त्याच्या हातांना चारी बाजूंनी गॅलिक आम्ल आणि त्याची भावंडं चिकटलेली. गॅलिक आम्ल १७८६ मध्ये शेले या स्वीडिश संशोधकाने वेगळं केलं. त्याचं एक भावंड फ्रान्समध्ये ब्राकोनो यांना १८१८ मध्ये सापडलं. नाव काय ठेवायचं? माजूफळासारख्या गाठींना फ्रेंचमध्ये 'गॅल' म्हणतात. त्याची अक्षरं त्यांनी उलटी केली आणि 'एलॅजिक' आम्ल असं नाव ठेवलं. वर्गात हे सांगितलं की पोरं कधी विसरत नाहीत.

हिरड्याचं खास द्रव्य म्हणजे चेब्युलिनिक आम्ल आणि चेब्युलॅजिक आम्ल. पहिल्यात कार्बन ४१, हायड्रोजन ३२, ऑक्सिजन २७. दुसऱ्यात कार्बन आणि ऑक्सिजन तितकेच, हायड्रोजन फक्त दोन कमी. पहिलं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळं केलं गेलं, पण त्याची नेमकी रचना सोडवायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. त्यात हायडलबर्गच्या ओटो थिओडोर श्मिट यांचं काम मोठं. आणि या आम्लांच्या नावातलं 'चेब्युल' आलंय झाडाच्या शास्त्रीय नावावरून, टर्मिनॅलिया चेब्युला. ते नाव काबूलवरून पडलं असं मानतात, कारण पश्चिमेकडच्या लोकांना हा माल काबूलच्या बाजूने मिळायचा. म्हणजे झाड इथलं, पण जगाच्या वहीत त्याचा पत्ता व्यापाऱ्याच्या गावाचा.

आता हिरडा चावला की जीभ ओढल्यासारखी का होते? लाळेत प्रथिनं असतात, ती जिभेवर वंगणासारखं काम करतात. टॅनिन त्या प्रथिनांना धरून गोळा करतं. वंगण गेलं की जीभ कोरडी, खरखरीत लागते. हेच टॅनिन कच्च्या कातड्यातल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाला धरून बसलं की कातडं कुजायचं थांबतं. त्याचं चामडं होतं. तुमच्या जिभेवर जे घडतं तेच, थोड्या सावकाश, चामड्याच्या हौदात घडतं. हिरड्याचं सगळं नशीब या एका गोष्टीने ठरवलं.

एक लक्षात ठेवा, पुढे लागेल. हे द्रव्य हिरड्याच्या गरात असतं. आठळीत ते जवळजवळ नाहीच. आठळीच्या आतल्या बीत तेल असतं. म्हणून व्यापाऱ्याला आठळी म्हणजे फुकटचं वजन.

वैद्याच्या पोथीतून लंडनच्या बाजारात

औषध म्हणून हिरड्याचा मान किती जुना आहे हे आयुर्वेदाच्या लोकांना सांगायला नको. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा पहिलाच भाग अभया आणि आमलकी, म्हणजे हिरडा आणि आवळा, यांच्या नावाने आहे. भावप्रकाशात हिरड्याच्या सात जाती सांगितल्यात. तिबेटमध्ये औषधबुद्धाच्या हातात हेच फळ दाखवतात.

युरोपात औषधविक्यांकडे 'मायरोबलन' या नावाने पाच प्रकार विकले जात. त्यात आवळा आणि बेहडाही होते. काळा 'भारतीय' प्रकार आणि मोठा 'काबुली' प्रकार ही त्यांना वेगवेगळी फळं वाटायची. आज वनस्पतिशास्त्र सांगतं की तो काळा म्हणजे आपला बाळहिरडा, त्याच झाडाचं कोवळं फळ. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यातला एक संवाद खास याच फळांवर आहे.

तोपर्यंत व्यवहार औषधाचा होता, म्हणजे तोळा-मासाचा. एकोणिसाव्या शतकात गणित बदललं. इंग्लंडमध्ये कारखाने वाढले. यंत्रं फिरवायला चामड्याचे पट्टे, घोड्यांना सामान, सैन्याला बूट. ओकची साल पुरेना. मग हिंदुस्थानातून टनावारी हिरडा बोटीने जायला लागला. तिकडच्या चामड्याच्या बाजारात मालाच्या प्रतींना गावांची नावं पडली होती. विशाखापट्टणमजवळच्या भिमलीपट्टणम बंदरावरून 'भिमली', जबलपूरवरून 'जबलपूर' आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यावरून 'विंगोर्ला'. वेंगुर्ला बंदरातून सह्याद्रीचा हिरडा जात होता आणि लंडनचा दलाल त्याला गावाच्या नावाने ओळखत होता. वेचणाऱ्या माणसाला मात्र लंडन सोडा, वेंगुर्लासुद्धा माहीत नसेल.

जॉर्ज वॉट यांनी १८८९ ते १८९३ या काळात हिंदुस्थानातल्या व्यापारी उत्पन्नांचा मोठा कोश काढला. त्यात हिरड्याची सविस्तर नोंद आहे. सरकारला आता या झाडात पैसा दिसत होता.

आणि मग कायदा आला

माझ्या मते मामाच्या रकान्याचं मूळ इथे आहे.

१९२७ चा भारतीय वन कायदा. आजही तोच चालतो. त्याच्या दुसऱ्या कलमात 'वनोत्पन्न' म्हणजे काय याची व्याख्या आहे. तिचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागात झाडं, पानं, फुलं, फळं वगैरे येतात, पण ती जंगलात मिळालेली किंवा जंगलातून आणलेली असतील तरच. म्हणजे तुमच्या परसातलं जांभूळ, बांधावरचा आंबा, हे वनोत्पन्न नव्हे. सरळ आहे.

पहिला भाग वेगळा आहे. त्यात मोजकीच नावं आहेत. इमारती लाकूड, कोळसा, कात, राळ, साल, लाख, मोहाची फुलं, मोहाच्या बिया अशी. आणि ती जंगलातून आलेली असोत वा नसोत, वनोत्पन्नच. या यादीत हिरडा नाव घेऊन लिहिलेला आहे.

परत एकदा वाचा. आंबा, फणस, जांभूळ, करवंद, सगळी फळं दुसऱ्या भागात. हिरडा मात्र पहिल्या भागात. तो माझ्या आजोबांच्या सातबाऱ्यावरच्या बांधावर उगवला, त्याला आम्ही राखलं, आम्ही झोडला, आमच्या अंगणात वाळवला, तरी कायद्याच्या नजरेत तो जंगलाचा माल. पुढच्या कलमांनी अशा मालाची वाहतूक बांधून ठेवायचा अधिकार सरकारला दिला. पास, नाका, तपासणी. आमच्या बापाच्या पिढीने डोक्यावर हिरड्याचं पोतं घेऊन रात्रीच्या वाटा धरल्या, त्या चोरी करायच्या म्हणून नव्हे. घरचाच माल होता.

हिरडाच का निवडला? मला यात एकच कारण दिसतं. त्याच्यात ते टॅनिन होतं आणि टॅनिनला बाजार होता. रेणूला किंमत आली, म्हणून फळ कायद्यात गेलं.

मग गंमत अशी झाली की कायदा राहिला आणि बाजार गेला. १८८४ मध्येच अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी चामडं कमावण्याचं पेटंट घेतलं होतं. हिरड्या-बाभळीच्या हौदात जिथे आठवडे जात, तिथे क्रोमचं काम दिवसांत होतं. विसाव्या शतकात जगातलं बहुतांश चामडं क्रोमवर गेलं. त्या पाण्याने नद्यांचं काय झालं हा वेगळ्या पोस्टचा विषय. पण हिरड्याचा मोठा गिऱ्हाईक गेला आणि भाव पडला. कायद्यातलं नाव मात्र कुणी पुसलं नाही.

स्वातंत्र्यानंतर

१९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालं. पुढे एकाधिकार खरेदी आली. हेतू चांगला होता. त्याआधी काय चालायचं ते आमच्या म्हाताऱ्यांना विचारा. पावसाळ्यात शेटकडून दोन पायली भात उचलायचं आणि उन्हाळ्यात त्याच्या बदल्यात पोतंभर हिरडा घालायचा. तागडीत दगड कुठला आणि वजन कुठलं, हे शेटलाच माहीत. सरकारी काटा आला तेव्हा लोकांना खरंच आधार वाटला. पण काटा कधी चालू, कधी बंद, कधी उशिरा. हिरडा वाळला की घरात ठेवायला जागा नसते, पावसाचं भ्या असतं आणि पेरणीला पैसे लागतात. काटा महिनाभर उशिरा उघडला तरी माल व्यापाऱ्याकडेच जातो.

१९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं. जवळपास १३० चौरस किलोमीटर. बरीच हिरड्याची झाडं आत गेली आणि ती वेचणारी माणसंही.

१९९६ मध्ये पेसा कायदा आला. अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला देण्याचं त्यात म्हटलं. १९९७ मध्ये महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. कागदावर आपण सत्तर वर्षांत चोरापासून मालकापर्यंत पोचलो. ही लहान गोष्ट नाही. त्यासाठी लढलेल्या सगळ्यांचे उपकार आहेत.

केंद्राने २०१३-१४ पासून वनोपजाला हमीभाव द्यायला सुरुवात केली. हिरडा त्यात आहे. २०१९ च्या यादीत भाव होता किलोला १५ रुपये. आमच्याकडे बाळहिरडा विकला जातो शेकड्याच्या घरात. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा मोठा, पिकलेला, कमावण्याचा हिरडा असावा. आमचा माल वेगळा आहे, त्याचं नाव वेगळं आहे, भाव वेगळा आहे, हे त्या यादीला माहीतच नाही. इथेही रकाना चुकलाच.

आता पुन्हा रेणूचे दिवस

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हिरड्याला परत दिवस आलेत. या वेळी चामड्यासाठी नाही, औषधासाठी. चेब्युलिनिक आणि चेब्युलॅजिक आम्लांवर जगभर प्रयोगशाळांत काम चाललंय. जिवाणूंवर, नागीण येणाऱ्या विषाणूवर, सुजेवर त्यांचा परिणाम काचेच्या नळीत आणि पेशींवर दिसलाय. बाटल्यांवर, कॅप्सूलवर हिरड्याच्या अर्काचं नाव मोठ्या अक्षरांत येतं.

रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून इथे एक सांगणं कर्तव्य आहे. काचेच्या नळीत विषाणू अडला म्हणजे माणूस बरा झाला असं होत नाही. एवढा मोठा रेणू आतड्यातून जसाच्या तसा रक्तात फारसा जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि पुढे काम करतात ते बहुतेक तुकडे. तेव्हा 'हिरड्याने अमका रोग बरा' असे जे मेसेज फिरतात ते पुढे ढकलू नका. गरोदर बाईला हिरडा देऊ नये हे तर आयुर्वेदच सांगतो. पोट साफ व्हायला रात्री चिमूटभर घेणं वेगळं आणि डॉक्टरची गोळी बंद करून हिरडा घेणं वेगळं.

पण माझी खरी काळजी दुसरीच आहे. वर म्हटलं होतं, आठळीची गोष्ट लक्षात ठेवा. बाजाराला आज हवा आहे बाळहिरडा, म्हणजे आठळी धरण्याआधीचं फळ. नुसता गर, फुकटचं वजन नाही. आम्हीही तोच काढतो, कारण पैसा त्यात आहे. पण जे फळ आठळी धरण्याआधी तोडलं त्यातून झाड कधीच येणार नाही. जे चार-दोन हिरडे वरच्या शेंड्याला हात न पोचल्यामुळे राहतात, तेवढेच पिकतात, खाली पडतात. त्यांची आठळी इतकी टणक की सहजासहजी रुजत नाही. रुजली तर कोवळं रोप शेळी खाते, नाहीतर वणव्यात जातं.

मामाच्या रानात मी मुद्दाम फिरून पाहिलं. आजाच्या वेळची झाडं आहेत. बापाच्या वेळची थोडी. माझ्या वयाचं एक. त्यानंतरचं एकही नाही. तुमच्या रानात वेगळं असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा, मला आनंदच होईल. पण जिथे असं असेल तिथे वादळाने पाडलेल्या झाडाची जागा घ्यायला कुणी उभं नाही. भरपाईचा हिशेब आपण एका हंगामाच्या फळाचा मांडतो. पडलेलं झाड मात्र तीन पिढ्यांचं असतं.

कोल्हापुरी आणि आपण

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपण सगळे खवळलो. मीही पोस्ट टाकली होती. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, कोल्हापूर-सांगली-सातारा-सोलापूरच्या आणि कर्नाटकातल्या कारागिरांचं नाव घ्यायला हवं होतं, हे बरोबरच होतं. नंतर कंपनीने भारतीय परंपरेतून प्रेरणा घेतल्याचं मान्यही केलं.

पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारला नाही. कोल्हापुरी करकर वाजते, वर्षानुवर्षं टिकते, पायाला घाम येत नाही, ती कशामुळे? तर तिचं कातडं जुन्या पद्धतीने बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं. ते घाणीचं, कष्टाचं काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाने केलं आणि त्याबद्दल त्याला मान सोडा, शिवही दिली गेली. त्याच्याही मागे झाडावर चढून हिरडा काढणारा आमचा महादेव कोळी. श्रेय द्यायचं म्हटलं तर साखळी बरीच लांब आहे. मिलानला नाव विचारताना आपणही आपल्या घरात विचारलं पाहिजे.

मग करायचं काय?

नुसतं रडगाणं गाऊन पोस्ट संपवायची नाही. आपल्या पट्ट्यातल्या लोकांना माझ्या काही सूचना आहेत.

पहिली, झाडं मोजा आणि लिहून काढा. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. तिथे हिरडा नोंदवा. नाव सापडलं नाही, अडचण आली, तर तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढचं वादळ आलं की तोंडी सांगितलेलं झाड कुणी धरत नाही.

दुसरी, ग्रामसभेत ठराव घ्या. बाळहिरड्याची हमीभावाच्या यादीत स्वतंत्र नोंद आणि नैसर्गिक आपत्तीच्या निकषांत हिरडा, या दोन्ही मागण्या एकाच ठरावात मांडा. 'कायद्यात बसत नाही' असं कुणी म्हणालं तर बांबूची आठवण करून द्या. त्याच १९२७ च्या कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून २०१७ मध्ये बांबू काढला गेला. नव्वद वर्षांची ओळ बदलता येते, बदलायची ठरवली तर.

तिसरी आपल्या हातातली आहे. दर घराने दोन झाडं बीसाठी राखा. त्यांना बाळहिरड्याला हात लावायचा नाही. माघात सुरवारी होऊन खाली पडू द्या, मग गोळा करा, रोपं करा. दोन झाडांचा पैसा बुडेल, मला कळतंय. ज्याच्या घरात पाचच झाडं आहेत त्याला हे सांगताना मलाही जड जातंय. म्हणूनच या राखलेल्या झाडांचा मोबदला सरकारने द्यावा ही मागणीही त्याच ठरावात घाला.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. पडलेल्या झाडाचा खड्डा अजून तसाच आहे, पावसाळ्यात त्यात पाणी साठतं. मामाने शेजारी तीन रोपं लावलीत, करवंदीच्या काट्यांचं कुंपण करून. गुडघ्याएवढी झालीत. मी म्हटलं, "मामा, याला फळ धरायला किती वर्षं लागतील?"

तो म्हणाला, "माझ्यासाठी कुठं लावलंय? तू फक्त ते कागदाचं बघ."

म्हणून ही पोस्ट. कागदाचं बघायला मी एकटा पुरणार नाही. आंबेगाव, जुन्नर, खेड, अकोले, मावळ, जिथे जिथे हिरडा आहे तिथल्या लोकांपर्यंत पोचवा. आणि तुमच्या गावच्या ठरावाची प्रत मिळाली तर मला नक्की पाठवा.